मनोरी खाडीचा पदच्छेद : आकाशचित्रांच्या वस्तुमूलक वर्गीकरणासंबंधीं कांहीं विचार

१. प्रयोजन

या त्रैमासिकाच्या वाचकांस जुने कागद वाचण्याचा अभ्यास आहे. महजर, कौल, सनद, यादी यांपैकीं कोणताहि कागद हातीं आला, म्हणजे तो कोणीं लिहिला, केव्हां लिहिला, अस्सल कीं नक्कल, आणि त्यांतील ओळीचीं पदें कोठें तोडावयाचीं, हे प्रश्न आपण प्रथम विचारतों. प्रस्तुत लेखांत ज्या कागदाविषयीं लिहावयाचें योजिलें आहे तो शाईनें लिहिलेला नाहीं. विमानांतून अथवा उपग्रहावरून घेतलेल्या भूमीच्या चित्रांवरून तयार केलेला नकाशा तो होय.

असे नकाशे आज न्यायालयांत पुरावा म्हणून येतात. कोणत्या जमिनीवर घर बांधावें आणि कोणत्या जमिनीस हात लावूं नये, हें त्यांवरून ठरतें. आणखी शंभर वर्षांनीं आपल्यासारखेच संशोधक ते दप्तरांतून काढून वाचतील. तेव्हां हा नवा कागद कसा लिहिला जातो, हें साधनांची पारख करणाऱ्या मंडळींनीं आजच जाणून घेणें इष्ट आहे. नकाशा करण्याच्या ज्या पद्धतीस वस्तुमूलक वर्गीकरण म्हणतां येईल तिचें विवेचन येथें केलें असून उदाहरणासाठीं मनोरीची खाडी घेतली आहे.

२. स्थळ

मनोरी गांव मुंबई उपनगर जिल्ह्यांत, बोरिवली तालुक्यांत आहे. जुन्या कागदांत ज्यास धारावी बेट म्हटलें आहे त्याच्या दक्षिण टोंकास तें वसलें आहे. मुंबई शहरांतील धारावी ती निराळी. गांवाच्या दक्षिणेस खाडी, खाडीपलीकडे मार्वे. उत्तरेस गोराई व उत्तन, आणि त्याहि पलीकडे वसईची खाडी. इ. स. १७३७ ते १७३९ या वर्षांतील वसईच्या मोहिमेंत या बेटासाठीं मराठे व फिरंगी यांच्यांत झगडा झाला, हें वाचकांस ठाऊक आहेच. साष्टी प्रांत १७३९ त मराठ्यांकडे आला. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं तो घेतला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें तो त्यांच्याकडे कायम झाला.

सत्ता बदलल्या, तरी खाडीकांठची जमीन मोजण्याची अडचण सर्वांस एकच होती. येथें जमीन कोणती व पाणी कोणतें, हें दिवसांतून दोनदां बदलतें. इ. स. १५५४ त सिमाँव बोतेल्यु यानें पोर्तुगीज मुलुखाच्या उत्पन्नाची जी नोंदवही केली ती उत्पन्नाचा कागद आहे, सीमेचा नव्हे. लोकांच्या बोलण्यांत मात्र या संदिग्ध जमिनीसाठीं नेमके शब्द आहेत. खाजण म्हणजे भरतीच्या पाण्याखालीं येणारी सखल जमीन. तिला बांध घालून खारें पाणी अडविलें, म्हणजे कांहीं पावसाळ्यांनीं तींत भात पिकूं लागतें. बांध फुटला, कीं तेथें पुन्हा तिवरांचीं झाडें उभीं राहतात. मिठागर हें तिसरें. त्यांतहि बांध आहेत, परंतु पाणी अडविण्याऐवजीं तें आंत घेऊन आटविण्यासाठीं.

आजच्या काळीं या भेदांस मोठें महत्त्व आलें आहे. ६ ऑक्टोबर २००५ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें तिवरांची तोड राज्यभर थांबविली, तिवरांच्या सभोंवार ५० मीटरांच्या पट्ट्यांत बांधकामास मनाई केली, आणि नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडून उपग्रहचित्रांच्या आधारें तिवरांचे नकाशे करविण्याची आज्ञा दिली. १७ सप्टेंबर २०१८ चा अंतिम निर्णयहि त्याच धोरणाचा आहे. मध्यंतरीं २०१२ सालीं राज्य शासनानें वनखात्यांत कांदळवन कक्ष स्थापिला. मनोरी येथें समुद्राचें पाणी गोडें करण्याचा प्रकल्प मुंबई महानगरपालिकेनें योजिला; त्याची क्षमता आरंभीं दररोज २० कोटी लिटर व पुढें ४० कोटी लिटर अशी धरली. अशा ठिकाणीं तिवरांची कड दहा पावलें इकडे काढली कीं तिकडे, यावरून एखाद्याच्या वाडीचें, होड्या ओढून ठेवण्याच्या जागेचें अथवा खुद्द तिवरांचें भवितव्य ठरूं शकतें.

३. चित्रकण आणि त्याचें माप

आकाशांतून जंगल मोजण्याचा प्रघात आपल्याकडे नवा नाहीं. ब्रह्मदेश हिंदुस्थान सरकारच्या अमलाखालीं होता त्या काळीं, १९२४ सालीं, इरावती नदीच्या मुखाकडील जंगलांचीं चित्रें विमानांतून घेण्यांत आलीं. दलदलींतून पायीं मोजणी करणें दुर्घट, हें त्याचें कारण. १९६६ सालीं डेहराडून येथें विमानचित्रें वाचण्याचें शिक्षण देणारी संस्था निघाली. १९७० च्या सुमारास पी. आर. पिशारोटी यांनीं केरळांतील नारळीच्या बागांचीं चित्रें हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मेवर घेतलीं आणि रोगट झाडें ओळखण्याचा प्रयोग केला. आपल्या डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश निरोगी पान फार मोठ्या प्रमाणांत परत फेंकतें, पाणी तो जवळजवळ गिळून टाकतें, आणि ओला चिखल या दोहोंच्या मध्यें राहतो. या एका भेदावर पुढील सर्व विद्या उभी आहे.

२३ जुलै १९७२ रोजीं अमेरिकेनें सोडलेला लँडसॅट मालिकेचा पहिला उपग्रह आणि १७ मार्च १९८८ रोजीं गेलेला भारताचा आय.आर.एस.-१ए यांनीं हें काम नियमित केलें. उपग्रहाचें चित्र अखंड नसतें. तें लहान चौकोनांचें बनलेलें असतें. प्रत्येक चौकोनास एकच आंकडा, म्हणजे तेथून परत आलेल्या प्रकाशाचें सरासरी माप, दिलेला असतो. यास पिक्सेल म्हणतात. आपण त्यास चित्रकण म्हणूं.

कण किती मोठा, यावर चित्राची योग्यता अवलंबून असते. पहिल्या लँडसॅटचा कण सुमारें ८० मीटरांचा होता. एका हेक्टरांत असे दीड कण बसतात. २८ डिसेंबर १९९५ रोजीं गेलेल्या आय.आर.एस.-१सी च्या एका यंत्राचा कण २३.५ मीटरांचा, म्हणजे हेक्टरीं सुमारें १८ कण. युरोपच्या सेंटिनेल-२ चा कण १० मीटरांचा, म्हणजे हेक्टरीं १००. आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहावरील एका यंत्राचा कण ५.८ मीटरांचा, म्हणजे हेक्टरीं सुमारें ३००. अर्ध्या मीटराचा कण घेतल्यास त्याच हेक्टरांत ४०,००० कण येतात.

आतां न्यायालयानें सांगितलेला ५० मीटरांचा पट्टा या मापांशीं ताडून पाहावा. पहिल्या लँडसॅटच्या एका कणांत तो पट्टा अख्खा बुडून जातो. २३.५ मीटरांच्या कणांत तो दोन कणांचा होतो, आणि कड एका कणानें चुकली तर निम्मा पट्टा जातो किंवा निम्मा वाढतो. दंडासारखा वीस मीटर रुंदीचा तिवरांचा पट्टा असेल तर त्या चित्रांत निर्भेळ तिवराचा असा एकहि कण सांपडणार नाहीं.

४. कणमूलक वाचनाचे दोन दोष

प्रथम प्रचारांत आलेली पद्धत कणमूलक होती, आणि अजूनहि ती पुष्कळ ठिकाणीं चालते. प्रत्येक कणाचा आंकडा घ्यावयाचा, माहीत असलेल्या नमुन्यांशीं ताडावयाचा, आणि त्या कणास तिवर, पाणी, चिखल, वस्ती असें एक नांव द्यावयाचें. शेजारचा कण काय आहे, हें विचारावयाचें नाहीं.

या पद्धतीस दोन प्रकारचे दोष लागतात. संस्कृतांतील दोन लौकिक न्याय त्यांचें वर्णन चांगलें करतात. कण मोठा असतां नीरक्षीरन्याय लागू होतो: खाडीचें पाणी, चिखल आणि तिवर एकाच कणांत दुधांत पाणी मिसळावें तसे मिसळतात, आणि आंकडा तिन्हींचा मिळून एक येतो. कण लहान असतां तिलतंडुलन्याय लागू होतो: प्रत्येक दाणा निराळा दिसतो खरा, पण रास कसली तें समजत नाहीं. अर्ध्या मीटराच्या चित्रांत तिवराचें एकच झाड पाहिलें तर त्याची उन्हांतील बाजू एका आंकड्याची, सावलींतील दुसऱ्या, आणि फांद्यांमधून दिसणारा चिखल तिसऱ्या. यंत्र प्रामाणिकपणें एका झाडास तीन नांवें देतें. असा नकाशा तीळ-तांदूळ उधळल्यासारखा दिसतो.

शिवाय रंगावरून जात ओळखणें नेहमींच फसवें असतें. मनोरी-गोराईच्या वाडींतील नारळ-आंबा, खाडीच्या कांठचे तिवर आणि भाद्रपदांतील भाताचें शेत, तिन्ही हिरवीं. वाडींतील एक कण व खाडींतील एक कण सुटे करून हातांत दिले, तर कोणता कोठला हें सांगणें कठीण. पण वाडी व खाडी अखंड दाखविली, तर लहान मूलहि सांगेल. मूल रंगाबरोबर आकार, जागा आणि शेजार पाहतें.

५. पदच्छेद आधीं, अर्थ मागून

हीच गोष्ट मोडी वाचणारास नवीन नाहीं. मोडींत शिरोरेषा आधीं ओढून तिच्याखालीं अक्षरें लिहितात, दोन पदांमध्यें जागा सोडीत नाहींत, आणि ऱ्हस्वदीर्घ व अनुस्वार यांची काटेकोर नोंदहि बहुधा नसते. समजा, एका फाटक्या पत्राच्या ओळीच्या शेवटीं ‘खाजणभरूनका’ एवढींच अक्षरें उरलीं आहेत. ‘खाजण भरूं नका’ असा पदच्छेद केला तर ती मनाई झाली. ‘खाजण भरून का’ असा केला तर झालेल्या कृत्याचा जाब विचारला असें झालें. अक्षर एकहि बदललें नाहीं. पण पहिल्या वाचनांत खाजण शाबूत आहे, दुसऱ्यांत तें भरून गेलें आहे. अर्थ अक्षरांत नसून पदांत आहे, आणि पद कोठें संपतें हें वाचणारास ठरवावें लागतें.

वस्तुमूलक पद्धतीचें सारें मर्म यांतच आहे. प्रथम चित्राचा पदच्छेद करावयाचा, म्हणजे शेजारशेजारच्या सारख्या कणांचे खंड पाडावयाचे. नंतर त्या खंडास नांव द्यावयाचें. कणांस नांव द्यावयाचेंच नाहीं. नैयायिकांच्या भाषेंत बोलावयाचें तर अवयवांहून अवयवी निराळा मानून त्या अवयवीचा विचार करावयाचा.

या कल्पनेचा उगम बराच जुना आहे. केटिग व लँडग्रीब या अमेरिकन अभ्यासकांनीं १९७६ सालींच एकजिनसी खंड आधीं वेगळे काढून मग त्यांचें वर्गीकरण करण्याची रीत प्रसिद्ध केली होती. परंतु त्या काळच्या ८० मीटरांच्या कणांत खंड पाडण्यासारखें फारसें नव्हतें. १९९९ नंतर मीटरभर कणाचीं चित्रें बाजारांत आलीं, तेव्हां गरज उत्पन्न झाली. बाट्झ व शेपे यांनीं २००० सालीं खंड पाडण्याची जी रीत मांडली ती म्यूनिकच्या ई-कॉग्निशन या संगणक-प्रणालीच्या द्वारें सर्वत्र पसरली. २००१ सालीं ब्लाश्के व श्ट्रोब्ल यांनीं चित्रकणांचें नेमकें काय चुकतें, असा प्रश्नच एका लेखाचें शीर्षक म्हणून विचारला. २००६ सालीं साल्झबुर्ग येथें या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली.

रीत थोडक्यांत अशी. आरंभीं प्रत्येक कण हाच एक खंड मानतात. मग प्रत्येक खंड आपल्या शेजाऱ्यांकडे पाहतो, आणि ज्याच्याशीं जुळल्यानें आंतील विजातीयता सर्वांत कमी वाढेल त्याच्याशीं जुळतो. ही विजातीयता मोजतांना रंगाचा भेद पाहतातच, पण होणाऱ्या खंडाची आकृति आटोपशीर आहे कीं नाहीं, त्याची कड गुळगुळीत आहे कीं दंतुर, यांसहि कांहीं वजन देतात. असें जुळत जातां जातां पुढील जुळणीनें विजातीयता एका ठराविक मर्यादेपलीकडे जाईल असें दिसलें, कीं जुळणी थांबते. या मर्यादेस आपण भेदमर्यादा म्हणूं. ती माणसानें ठरवून दिलेली असते.

भेदमर्यादा लहान ठेवली तर एकेक झाड निराळें पडतें. म्हणजे पद तोडतां तोडतां अक्षरें सुटीं झालीं. ती मोठी ठेवली तर तिवर, चिखल आणि त्यांतून गेलेला पाण्याचा ओहोळ एकाच खंडांत जातात. म्हणजे दोन वाक्यें जोडून एक केलें. यास्तव कुशल अभ्यासक एकच मर्यादा न ठेवतां दोन-तीन पायऱ्या करतात: झाडाचा खंड, झाडांच्या पुंजक्याचा खंड, आणि सर्व पट्ट्याचा खंड. अक्षर, पद व वाक्य अशीच ही उतरंड असून कोणता लहान खंड कोणत्या मोठ्या खंडाच्या पोटांत आहे, याची नोंद राहते.

६. खंडाचे गुण

सुट्या कणास रंग एवढाच गुण होता. खंड सिद्ध झाला, कीं त्यास पुष्कळ गुण प्राप्त होतात. त्यास क्षेत्रफळ आहे, लांबीरुंदी आहे, कड सरळ कीं वाकडी हें आहे. त्यास पोत आहे. पोत मोजण्याची गणिती रीत हॅरलिक व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९७३ सालीं दिली. आणि त्यास शेजार आहे.

मनोरीच्या खाडीवर याचा उपयोग कसा होईल, तें पाहावें. एक हिरवा खंड आहे. त्याचा पोत घट्ट, मखमलीसारखा सारखा. त्याची एक कड पाण्यास अथवा चिखलास लागलेली. त्यांतून नागमोडी ओहोळ गेलेले. तो तिवरांचा मानावा. दुसरा खंड तितकाच हिरवा, पण पोत ठिपक्याठिपक्यांचा, प्रत्येक ठिपक्यास स्वतंत्र गोल सावली, आणि शेजारीं घरांचे खंड. ती नारळीची वाडी मानावी. गोराई-भाईंदरकडील मिठागर पाहिलें तर त्याचा रंग पावसाळ्यांत एक, उन्हाळ्यांत दुसरा, आणि मीठ धरल्यावर तिसरा. परंतु काटकोनी चौकटींची मांडणी बाराहि महिने तीच. तेथें रंग अविश्वसनीय व आकृति विश्वसनीय आहे. खाडी ही लांब, अरुंद, वळणें घेत समुद्रास मिळणारी. तिच्याच रंगाचें गांवांतील तळें आटोपशीर व चोहोंकडून बंद. वर्गीकरणाचा नियम लिहितांना ‘हिरवा’ एवढें न लिहितां ‘हिरवा, आणि भरतीच्या पाण्याशीं ज्याचा संबंध आहे’ असें लिहितां येतें, हा या पद्धतीचा मोठा लाभ.

तरी तिच्या मर्यादा ओळखल्या पाहिजेत. खंड पाडण्याची रीत तिलतंडुलाचा दोष काढते, नीरक्षीराचा नव्हे. वस्तु कणाहून पुष्कळ मोठी असेल तरच ती उपयोगीं पडते; कणच वस्तूहून मोठा असतां जुळवावयाचें काय? आणि खंडास एकदां चुकीचें नांव पडलें, कीं चूकहि अखंड होते. कणमूलक नकाशांतील चुका उधळलेल्या दिसतात, म्हणून वाचणारा सावध होतो. वस्तुमूलक नकाशा स्वच्छ, रेखीव व विश्वास बसण्याजोगा दिसतो, आणि त्याचीच भीति आहे. सुंदर हस्ताक्षरांतील नक्कल शुद्ध असतेच असें नाहीं, हें आपणांस सांगावयास नको.

७. इतिहासाच्या अभ्यासकाचा लाभ

ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनीं १९२० नंतरच्या दशकांत विमानचित्रांवरून इंग्लंडांतील प्राचीन शेतांच्या सीमा दाखवून दिल्या. गालिच्यावर बसलेल्या मांजरास नक्षी दिसत नाहीं, उभ्या माणसास दिसते, असा त्यांचा दाखला प्रसिद्ध आहे. आपल्या खाड्यांच्या बाबतींत ही दृष्टि फार उपयोगाची आहे.

नैसर्गिक रीतीनें वाढलेल्या तिवरांची कड पाण्याच्या वळणाप्रमाणें वांकडीतिकडी असते. एखाद्या खंडाची कड अचानक सरळ गेली, काटकोनांत वळली, किंवा दाट तिवरांच्या पोटांत सरळ रेषांची चौकट उमटली, तर तेथें पूर्वीं बांध असावा, तो फुटला अथवा सोडून दिला गेला, आणि खाजणांत पुन्हा तिवर वाढले, असें अनुमान करण्यास जागा आहे. कणमूलक नकाशांत ही सरळ रेषा उरत नाहीं. खंडाची आकृति जपणाऱ्या नकाशांत ती उरते. एकदां लिहून पुसलेल्या पाटीवर जुन्या अक्षरांच्या खुणा राहतात, तसे जुने बांध तिवरांखालीं राहिलेले असतात.

हें अनुमानच होय, सिद्धान्त नव्हे. त्यास कागदाचा आधार पाहिजे, आणि तो आधार आपल्याजवळ आहे. महसुली दप्तरांतील खार, खाजण, शिलोत्री हे शब्द, बांधदुरुस्तीच्या खर्चाच्या यादी, वांटणीपत्रांत चतुःसीमा सांगतांना आलेलें बांधाचें नांव, मोजणीचे गांवनकाशे, हीं सर्व साधनें खंडास नांव देणाऱ्या अभ्यासकास हवीं आहेत, आणि तीं कोणाकडे आहेत हें त्याला ठाऊक नसतें. राजवाडे यांनीं १९२४ सालीं छापलेली महिकावतीची बखर उत्तर कोंकणच्या इतिहासासाठीं आपण वाचतों. तशाच कागदांतील स्थळनामें उपग्रहचित्रावर मांडून पाहण्याचें काम आतां शक्य झालें आहे.

ही केवळ जिज्ञासेची बाब नव्हे. अमुक जागा पूर्वीं भातशेती होती कीं नेहमींच तिवर होते, या प्रश्नावर आज वाद उभे राहतात. शेत कसणाराचा पूर्वापार हक्क आणि आज उभे असलेले तिवर, दोन्ही खरीं असूं शकतात. चित्र फक्त दुसरी गोष्ट सांगतें. पहिली कागद सांगतो. दोहोंपैकीं एकच साक्षीदार तपासून निवाडा करणें योग्य नाहीं.

८. परीक्षा

नकाशा खरा कीं खोटा, याची परीक्षा जमिनीवर जाऊन करावी लागते. कांहीं स्थळें निष्पक्षपणें निवडून तेथें जातात, प्रत्यक्ष काय आहे तें लिहितात, आणि नकाशानें काय म्हटलें होतें त्याशीं तें कोष्टकांत ताडतात. यांतून एकच टक्केवारी काढून समाधान मानूं नये. शंभर स्थळें तपासलीं आणि त्यांपैकीं दहाच तिवरांचीं निघालीं, असें समजा. नकाशानें एकहि ठिकाणीं तिवर दाखविलेले नसले, तरी तो नव्वद ठिकाणीं बरोबर ठरतो. शेंकडा नव्वद खरा असलेला हा नकाशा तिवरांपुरता सर्वस्वीं खोटा आहे. म्हणून दोन प्रश्न निरनिराळे विचारावे: नकाशानें ज्यांस तिवर म्हटलें त्यांपैकीं खरोखर तिवर किती, आणि खरोखर असलेल्या तिवरांपैकीं नकाशानें किती ओळखले. पहिल्या प्रश्नांत वाडीवाल्याचें हित आहे, दुसऱ्यांत खाडीचें.

किती लहान तुकडा दाखवावयाचा, हेंहि ठरलेलें असतें. भारतीय वन सर्वेक्षण या संस्थेच्या देशव्यापी अहवालांत एक हेक्टर हा लहानांत लहान तुकडा धरलेला आहे. पन्नास हजारास एक या प्रमाणाच्या नकाशावर तो दोन मिलिमीटरांचा चौकोन होतो. सर्व देशाच्या हिशोबास तें पुरेसें आहे. परंतु मनोरीच्या कांठचा वीस मीटर रुंद व अडीचशें मीटर लांब पट्टा अर्ध्याच हेक्टराचा भरतो. देशाच्या अहवालांत तो नाहीं, म्हणून तो जमिनीवरहि नाहीं, असा अर्थ कोणीं काढला तर तो नकाशाचा दोष नव्हे, वाचणाराचा होय.

आणखी एक गोष्ट तिथीची. हे उपग्रह बहुधा सकाळीं दहा-साडेदहाच्या सुमारास वरून जातात. मुंबईच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेस दुपारीं बाराच्या सुमारास पूर्ण भरती असते. अष्टमीच्या आसपास तीच वेळ ओहोटीची. म्हणजे पौर्णिमेच्या चित्रांत चिखलाचा मोठा भाग पाण्याखालीं जाऊन खाडी रुंद दिसेल, अष्टमीच्या चित्रांत तोच चिखल उघडा पडेल, आणि दोन्ही चित्रें खरीं असतील. दोन वर्षांचीं चित्रें ताडून तिवर वाढले कीं घटले असें म्हणणारानें दोहोंच्या तिथी आधीं सांगाव्या. ही गोष्ट मनोरीच्या कोळी बांधवांस शिकवावी लागत नाहीं. त्यांचा दिवस तिथीवरच चालतो.

९. नकाशाची पुष्पिका

वरील विवेचनाचें तात्पर्य एकच आहे. तिवरांचा नकाशा म्हणजे भूमीची छाया नव्हे. तो एका संपादकानें सिद्ध केलेला पाठ आहे. कोणतें चित्र मूळ प्रत म्हणून घेतलें, पदें कोठें तोडलीं, कोणत्या नियमानें अर्थ लावला, हे सर्व त्याचे निर्णय आहेत. निर्णय करावा लागतो यांत दोष नाहीं. निर्णय न सांगणें हा दोष आहे.

आपल्या पोथ्यांच्या शेवटीं पुष्पिका असते. लिहिणाराचें नांव, शक, मास, तिथी, स्थळ आणि कोणत्या प्रतीवरून उतरलें, हें चांगला लेखक तींत सांगतो. अशीच पुष्पिका प्रत्येक नकाशास असावी. तींत सहा गोष्टी याव्या: कोणत्या उपग्रहाचें अथवा विमानाचें चित्र व त्याचा कण केवढा, तें कोणत्या दिवशीं, कोणत्या वेळीं व भरतीच्या कोणत्या अवस्थेंत घेतलें, भेदमर्यादा कोणती ठेवली व लहानांत लहान तुकडा केवढा धरला, खंडास नांव कोणत्या नियमांनीं दिलें, जमिनीवरील परीक्षेचें कोष्टक, आणि संशयित कडा कोणत्या. शेवटच्या गोष्टीस आपल्याकडे उत्तम आदर्श आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची जी चिकित्सक आवृत्ति काढली तींत जेथें पाठ निश्चित नाहीं तेथें अक्षरांखालीं नागमोडी रेघ दिली आहे. सुखठणकरांसारख्या पंडितास संशय छापण्याची लाज वाटली नाहीं. खाडीच्या नकाशावरहि निश्चित कड सरळ रेघेनें आणि संशयित कड नागमोडी रेघेनें दाखवितां येईल. तसें झालें तर जेथें नागमोडी रेघ आहे तेथें बांधकामाची परवानगी देण्यापूर्वीं अथवा कोणाची वाडी अडविण्यापूर्वीं एक माणूस प्रत्यक्ष जाऊन पाहील, एवढा तरी लाभ होईल.

संग्राहकांस विनंती एवढीच, कीं साष्टी, वसई व ठाणें या भागांतील खाजणांचे, बांधांचे व मिठागरांचे कागद आणि जुने गांवनकाशे ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं ते किरकोळ समजून दूर टाकूं नयेत. त्यांची यादी करावी, त्यांत आलेलीं बांधांचीं व ओहोळांचीं नांवें उतरून घ्यावीं, आणि शक्य तेथें तीं नांवें अजून बोलण्यांत आहेत तोंवर गांवांतील वृद्धांकडून त्यांचीं स्थळें निश्चित करून ठेवावीं. आकाशांतून खंड दिसतो, पण त्याचें नांव दिसत नाहीं.